वरच्या काकांची रिजेक्ट टोपी

आमच्या वरच्या काकांनी आयुष्यात दोन गोष्टी कधीच केल्या नाहीत. त्यांनी काही फेकलं नाही आणि काही चालवून घेतलं नाही. यातला एक गुण नवऱ्यात असला तर बायकोचं कसंबसं निभतं. दोन्ही एकत्र आल्यावर काय होतं ते बघायचं असेल तर बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाड्यात आमच्या बिल्डिंगमध्ये या आणि तिसऱ्या मजल्यावरची बेल दाबा. ती वाजणार नाही, कारण तिची वायर काकांनी जास्त गरजेच्या कामाला लावली आहे. तेव्हा दार ठोठावा. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो म्हणून ते आमचे वरचे काका. पण हे नाव इतकं रुळलंय की चौथ्या मजल्यावरची मंडळीही त्यांना वरचे काकाच म्हणतात आणि त्यांच्याकडे जायला एक जिना खुशाल खाली उतरतात.

काका अंबरनाथच्या एका कारखान्यात पस्तीस वर्षं तपासणी खात्यात होते. बाकीचे लोक नटबोल्ट बनवायचे आणि काका ते परत पाठवायचे. निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. शाल त्यांनी उजेडासमोर धरून पाहिली, नारळ कानाशी हलवून पाहिला, आणि घड्याळ आठवडाभर पडताळून 'दिवसाला सव्वा मिनिट मागे पडते' असं रीतसर पत्र खात्याला पाठवलं. आम्ही नवा फ्रिज घेतला तेव्हा काकांनी वरून येऊन त्याचं दार अकरा वेळा उघडून बंद केलं आणि 'ठीक आहे' म्हणाले. माझ्या नवऱ्याला कंपनीच्या वॉरंटीने आला नव्हता एवढा धीर त्या दोन शब्दांनी आला. काकू तर सांगतात, "मला बघायला आले तेव्हा ह्यांनी आधी कपाची दांडी हलवून बघितली. ती पक्की निघाली, मग माझ्याकडे बघितलं."

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की काका सकाळी जिन्यात उभे राहतात. झाकण हरवलेली बरणी, मोडकी छत्री, आइस्क्रीमच्या काड्या, कोपरं गेलेले स्वेटर, यातलं काहीही कचऱ्याच्या डब्यापर्यंत पोचत नाही. लग्नपत्रिकांवर त्यांचा विशेष डोळा असतो. लोकरीचा गोंडा करायला पुठ्ठ्याच्या दोन गोल चकत्या लागतात आणि पत्रिकेचा पुठ्ठा त्याला उत्तम. त्यामुळे लग्नाची प्रत ते पत्रिकेवरून ठरवतात. माझ्या भावाच्या लग्नाबद्दल त्यांचं मत असं पडलं : "जेवण बरं होतं. पण पत्रिका पातळ. एक धड गोंडा नाही निघाला." मधूनमधून ते उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जातात आणि जीन्सच्या कारखान्यांतून चिंध्यांचं पोतं भरून आणतात, मुलांच्या बाहुल्यांच्या पोटात भरायला. एकदा शेअर रिक्षात त्यांनी पोत्याला सीटवर बसवलं आणि त्याचं वेगळं भाडं दिलं. पुढे वाटेत एक बाई चढायला लागली तर काका म्हणाले, "इथे बसलेत." तो रिक्षावाला अजूनही काकांना पाहिलं की विचारतो, "आज भाऊ नाय आले?"

लोकरीकडे काका वळले तेही तपासणीच्या नादानेच. काकूंच्या बहिणीने काकूंना एक मरून स्वेटर विणून दिला होता. ना खिळा, ना बोल्ट, ना शिवण, मग हे सगळं एकमेकांत अडकून राहतं कसं, हे काकांना समजून घ्यायचं होतं. जेवणानंतर त्यांनी त्याचं एक टोक शोधलं आणि ओढलं. चहाच्या वेळेपर्यंत स्वेटरचा गोळा झाला होता. उसवणं जमलं, जोडणं काही जमेना. काकूंनी अर्धा हिवाळा निवृत्तीच्या शालीत काढला. शेवटी काका तो गोळा पिशवीत घालून कॅम्प तीनमधल्या एका लोकरीच्या दुकानात गेले. तिथल्या वयस्कर सिंधी बाईंना त्यांनी इतके प्रश्न विचारले की त्या म्हणाल्या, "साईं, ऊन लेने आए हो कि मेरा इंटरव्यू लेने?" पण बाई भल्या. गिऱ्हाईक नसेल तेव्हा काउंटरवर बसवून त्यांनी काकांना विणकाम शिकवलं. स्वेटर पुन्हा झाला. काकूंच्या मते त्याची एक बाही लांब आहे. काकांच्या मते काकूंचा एक हात आखूड आहे.

बदलापूरची थंडी ही काकांना स्वतःची मिळकत वाटते. बाल्कनीत त्यांनी थर्मामीटर टांगलाय आणि पारा उतरला की ते दादरच्या धाकट्या भावाला फोन करतात. "तुमच्याकडे किती? वीस? वीस म्हणजे काय थंडी झाली का? आमच्याकडे बारा." मग फोन ठेवून बिल्डिंगच्या ग्रुपवर निरोप टाकतात : 'रविवारपासून उत्पादन सुरू. आपापली बरणी आणणे.' त्या रविवारी सकाळी नऊला बिल्डिंगमधली आणि शेजारच्या दोन बिल्डिंगमधली मुलं काकांच्या हॉलमध्ये हजर होतात. तिथे हजेरी लागते. साडेदहाला चहाची सुट्टी होते, आणि चहाऐवजी दूध देतात अशी मुलांची जुनी तक्रार आहे.

तिथली यंत्रसामग्री सगळी आमच्या घरांतून गेलेली. फरसाणाच्या मोठ्या बरणीच्या वरच्या भागाचं कडं कापायचं आणि त्याच्याभोवती आइस्क्रीमच्या काड्या उभ्या बांधायच्या. मुलं त्याला मुकुट म्हणतात, काका मशीन म्हणतात. काड्यांभोवती लोकर गुंडाळायची आणि छत्रीच्या वाकवलेल्या काडीने खालचा फास वरच्यावरून उचलून मागे टाकायचा. असं गोल गोल फिरत राहिलं की आतून टोपी उतरत जाते. वर गोंडा लावायचा. लोकर जुन्या स्वेटरांची, आणि ती प्रत्येकाने स्वतः उसवायची, हा काकांचा पहिला नियम. उसवताना एखादं पोर चुकीच्या टोकाला लागलं तर काका तासभर बघत राहतील पण सांगणार नाहीत. "सापडू दे त्याचं त्याला," म्हणतात.

या टोप्या जातात बारवी धरणाच्या रस्त्यावरच्या एका पाड्यावर, तिथल्या अंगणवाडीतल्या बावीस मुलांना. त्यामुळे तपासणी कडक. गोंडा काकूंच्या मोठ्या बांगडीतून आरपार गेला पाहिजे आणि लहान बांगडीत अडकला पाहिजे. टोपी पालथ्या पातेल्यावर चढवून चारी बाजूंनी ताणायची. हे पातेलं पाड्यावरच्या मुलांच्या डोक्यांची मापं घेऊन काकूंच्या स्वयंपाकघरातून निवडलंय, आणि रविवारी त्यात दूध तापत नाही. टोपी टिकली तर आतल्या कडेला हिरव्या लोकरीची गाठ. ती दुहेरी, पक्की, जन्मभर राहणारी. एक टाका जरी सुटलेला दिसला तरी लाल लोकर. लाल गाठ मात्र साधी, ओढली की सुटणारी. "कारण माल पुन्हा होणार आहे," काका म्हणतात. "लाल कायमचं कशाला बांधायचं?" लाल बांधताना त्यांची दोन वाक्यं ठरलेली असतात : "इथे टाका सुटलाय. उसव आणि परत कर." आवाज चढत नाही, सूट मिळत नाही.

माझी तनू नऊ वर्षांची असताना पहिल्यांदा वर गेली आणि तिच्या टोपीला लागोपाठ चार रविवार लाल गाठ मिळाली. चौथ्या रविवारी ती रडत खाली आली. मी तशीच ओल्या हाताने वर गेले. भांडायलाच गेले होते, उगाच खोटं कशाला बोलू? म्हटलं, "काका, पोरगी नऊ वर्षांची आहे. हौसेने करतेय. एक टाका राहिला तर कुणाला कळणार आहे?"

"ज्याच्या डोक्यावर जाईल त्याला कळेल," काका म्हणाले. मग मला बसायला सांगितलं. काकूंनी चहा टाकला.

"मी चौथीत होतो," काका म्हणाले. "गावच्या शाळेत स्वेटर वाटायला लोक आले. आमच्या वाड्यातल्या पोरांची लाइन लावली, फोटो काढला. दुसऱ्या दिवशी माझ्या स्वेटरची बाही कोपरापर्यंत उसवली. आई म्हणाली, फुकटचं आहे, घाल. पूर्ण हिवाळा तो हात पाठीमागे धरून शाळेत गेलो मी. वाटणारा माणूस वाईट नव्हता गं. त्याने नुसता तपासला नव्हता."

मी अंबरनाथच्या एमआयडीसीत औषधांच्या कंपनीत लॅबमध्ये काम करते. पास आणि नापास लिहिण्याचाच मला पगार मिळतो. तरी त्या दिवशी मी चहा अर्धाच ठेवून उठले. खाली येऊन तनूला म्हटलं, "उसव आणि परत कर." पाचव्या रविवारी टोपी पातेल्यावर टिकली. काकांनी शाबासकी दिली नाही, नुसती हिरवी गाठ मारली आणि पुढच्या पोराला हाक मारली. तनूने ती टोपी दुपारभर उलटी घालून मिरवली, गाठ सगळ्यांना दिसावी म्हणून. शाळेतली पदकं तिच्या कपाटात कुठे पडली आहेत देव जाणे. ती हिरवी गाठ कुठल्या मुलाच्या डोक्यावर गेली हे तिला अजून पाठ आहे.

तिथून ती काकांची शागीर्दच झाली. गेल्या हिवाळ्यात काकांनी तिला मदतनीस तपासनीस नेमलं आणि लाल-हिरव्या लोकरीचे दोन छोटे गोळे तिच्या कंपासपेटीत ठेवायला दिले. आणि यंदाच्या हिवाळ्यात काकांच्या हाताला कंप सुटला. आधी उजव्या, मग डाव्याही. अंबरनाथ पूर्वेच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि वयाचं आहे म्हणाले. काकांना हे निदान पटलं नाही, कारण डॉक्टरांनी पुरेसा वेळ तपासलं नव्हतं. काकू आता त्यांना अर्धाच कप चहा देतात आणि दोनदा देतात. मुलं तर मोठ्यांपेक्षा शहाणी. काका छत्रीची काडी धरायला लागले की कुणीतरी मुकाट्याने बरणीचं कडं धरून बसतं.

पाड्यावर जायचा दिवस ठरला, सोमवार. आदल्या रविवारी मोजदाद केली तर टोप्या एकवीस. शेजारच्या बिल्डिंगमधला एक मुलगा लग्नाला गावी गेला होता आणि त्याचं काम राहिलं होतं. काका म्हणाले, "बाविसावी मी आणलीये." आणि पिशवीतून निळी टोपी काढली. आठवडाभर एकट्याने बसून केली होती, कुणालाही कडं धरू न देता. मी त्या वेळी पोह्यांचा डबा द्यायला वर गेले होते म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं.

काकांचा आणखी एक नियम आहे : स्वतःचा माल स्वतः तपासायचा नाही. त्यांनी ती टोपी तनूपुढे धरली. "घे. तपास."

काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. तनूने टोपी पातेल्यावर चढवली आणि ताणली. डाव्या बाजूला, कानाच्या वर, एक टाका सुटला आणि बघता बघता खालचे तीन घेऊन गेला. बोट जाईल एवढं भोक. मी तनूकडे बघितलं आणि डोळ्यांनी खूण केली. हिरवी बांध, अशी. लाज वाटते सांगायला, पण केली. मी घरी जाऊन तो टाका सुईने उचलून दिला असता, कुणालाही कळलं नसतं. तनूने माझी खूण बघितली. मग कंपासपेटी उघडली आणि लाल गोळा काढला.

"काका, इथे टाका सुटलाय," ती म्हणाली. आवाज थोडा बारीक होता, पण हलला नाही. तिने गाठ मारायला बराच वेळ घेतला. दुसरं वाक्य ती बोललीच नाही. मला वाटलं, धीर झाला नसेल. टोपी काकांच्या हातात देऊन ती म्हणाली, "बाविसावी मी करते. संध्याकाळपर्यंत होईल."

काकांनी टोपी खिडकीशी नेली, उजेडात धरली, भोकात बोट घालून बघितलं. मला वाटलं आता हा माणूस खाली बसणार. काका वळले आणि म्हणाले, "बरोबर आहे." मग काकूंकडे बघून, जरा मोठ्याने, "बरोबर आहे तिचं." त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी एकदाच आधी पाहिलं होतं, त्यांच्या मुलीला सरकारी नोकरी लागली तेव्हा. पुढचे पाच तास तनू विणत होती आणि काका तिच्यासमोर बसून लोकर सोडत होते. तेवढं त्यांच्या हातांना अजून छान जमतं.

सोमवारी टेम्पोतून आम्ही सगळी पाड्यावर गेलो, बावीसच्या बावीस हिरव्या गाठी घेऊन. मुलांचे आणि आमचे मोबाइल काकांनी निघतानाच चिंध्यांच्या पोत्यात जमा करून घेतले. फोटो काढायचे नाहीत, हा शेवटचा नियम. एका लहानग्याने टोपी मिळताच ती दोन्ही हातांनी जोर लावून ताणली, दाताने गोंडा ओढून बघितला. काहीही निघालं नाही. काका अंगणवाडीच्या ताईंना म्हणाले, "हा आमच्या खात्यात यायला पाहिजे."

त्यानंतरचे पंधरा दिवस हेंद्रेपाड्यात कुणाची सुटका झाली नाही. भाजीवाला, दूधवाला, बुद्धविहारातली मंडळी, वॉचमन, सगळ्यांना काकांनी बातमी दिली की त्यांचा माल रिजेक्ट झाला. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. दादरच्या भावाला तर थर्मामीटर न बघताच फोन केला. कॅम्प तीनला लोकर आणायला मी त्यांच्याबरोबर गेले होते, तेव्हा दुकानातल्या बाईंनाही सांगितलं. "मेरा माल रिजेक्ट हुआ."

"हाय हाय. किसने किया, साईं?"

"इनकी लड़की ने. ग्यारह साल की है. मैंने सिखाया."

बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि काउंटरवरून एक लाल लोकरीची लडी उचलून माझ्या हातात ठेवली. पैसे घेतले नाहीत. माझी मान त्या वेळी केवढी वर गेली असेल ते मलाच माहीत. खूण केल्याची बोच त्यातही होती, पण अभिमान पुष्कळच मोठा होता.

परवा सकाळी चांगलीच थंडी होती. मी कामाला निघाले तर काका खाली बाकावर उन्हात बसले होते आणि डोक्यावर ती निळी टोपी. डाव्या कानावरचं भोक तसंच. म्हटलं, "काका, ही उसवायची होती ना? नियम आहे."

"वारा लागतो तिथून," काका म्हणाले. "लागू दे." आणि मी न विचारताच कड उलटी करून मला गाठ दाखवली. विचारणाऱ्यांना ते दाखवतातच, न विचारणाऱ्यांनाही दाखवतात. त्यांचा हात थरथरत होता म्हणून मीच कड धरली. तेव्हा ती गाठ मला नीट दिसली. लाल होती, पण दुहेरी होती. हिरवीला मारतात तशी, पक्की.

संध्याकाळी तनूला विचारलं, "लाल गाठ सुटी असते ना? तू पक्की का मारलीस?"

ती गृहपाठ करत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांच्याकडून परत नसती झाली ना, आई."

"मग हिरवीच बांधायची होतीस."

"अगं, टाका सुटला होता," तनू म्हणाली, आणि कंपासपेटी बंद करून पाणी प्यायला आत गेली.